मातीचा वाटा : नेरळ ते परभणी

संवर्धित शेतीची सूत्रे सांगायला तीनच आहेत. जमीन शक्य तितकी कमी हलवायची, ती वर्षभर झाकलेली ठेवायची आणि एकाच पिकावर अवलंबून न राहता पिकांची फेरपालट करायची. अमेरिकेत १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी नांगरलेली माती उडवून नेली तेव्हापासून या विचाराला गती आली आणि दक्षिण ब्राझीलच्या पाराना राज्यात १९७० च्या दशकात शेतकऱ्यांनी तो हजारो एकरांवर करून दाखवला. महाराष्ट्रात मात्र यातले दुसरे सूत्र फार अवघड आहे, कारण पीक निघाल्यावर शेतात जे काही उरते त्यावर हक्क सांगणारे येथे अनेक असतात: जनावरे, चूल, आगकाडी आणि सारे मातीत कालवून टाकणारे ट्रॅक्टरचे अवजार, म्हणजे रोटाव्हेटर. एवढ्यांचे देणे भागवून मातीच्या वाट्याला काय उरते, हे निरनिराळ्या जमिनींत प्रत्यक्ष पाहावे, या हेतूने नोव्हेंबरच्या उत्तरार्धात एका कृषिपदवीधर मित्रासह हा प्रवास केला. खरिपाची कापणी आटोपलेली, उसाचे गाळप सुरू झालेले आणि रब्बी उभी राहत असलेली, असे तिन्ही या दिवसांत एकाच फेरीत पाहता येते.

रविवार, नेरळ

सुरुवात नेरळपासून करण्याचे कारण उघड होते. भाताच्या शेतीत नांगरणी, चिखलणी आणि लावणी या तिन्ही कामांना रजा देणारे ‘सगुणा राईस तंत्र’ येथलेच. सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी ते विकसित केले आणि आज शेतकरी त्याला थोडक्यात ‘एसआरटी’ म्हणतात. भाताच्या संशोधनाची या तालुक्यातली परंपरा जुनी आहे. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचे असून ‘कर्जत’ नावाची भाताची अनेक वाणे तेथूनच आलेली आहेत.

या भागातली जुनी पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांनाच नव्या पद्धतीचे महत्त्व कळेल. उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या जागेवर शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पातेरा आणि गवत थराथराने पसरून राब भाजायचा. पाऊस पडला की त्यात रोपे वाढवायची. मग शेत नांगरून, पाणी साठवून त्याचा चिखल करायचा आणि त्या चिखलात वाकून लावणी करायची. डोंगरातले वर्षभराचे सेंद्रिय द्रव्य राबाच्या आगीत जाते. चिखलणीने मातीची कणरचना मोडते, खाली घट्ट थर बसतो आणि साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या उतारांवरून गढूळ पाण्याबरोबर बारीक, सुपीक माती खाचराबाहेर पडते. भाताला तो घट्ट थर पाणी धरून ठेवण्यासाठी उपयोगी पडतो, पण त्याच खाचरात नंतर पेरलेल्या वालाची मुळे त्या थरावर अडतात, ही बाब क्वचितच हिशेबात घेतली जाते.

आम्ही ज्यांच्या शेतात गेलो त्या काकांनी काही वर्षांपूर्वी एकदाच गादीवाफे केले आणि त्यानंतर नांगर लावलेला नाही. दोन सऱ्यांच्या मध्यांतले अंतर साधारण १३६ सेंटिमीटर ठेवतात, म्हणजे वाफ्याचा माथा एक मीटर रुंद मिळतो. त्यावर लोखंडी साचा दाबून २५ सेंटिमीटरच्या चौकोनात भोके पाडायची आणि प्रत्येक भोकात भाताचे दाणे व चिमूटभर खत टोकायचे. कापणी जमिनीलगत करायची. धसकट आणि मुळे जागेवरच कुजू द्यायची. पुढचे पीक त्याच वाफ्यावर, बिननांगरता.

काकांनी खुरप्याने एका धसकटाच्या शेजारची माती वीतभर उकरून दिली. वरची दोन बोटे माती गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्यांनी भरलेली होती आणि त्याखाली मागच्या हंगामातल्या कुजलेल्या मुळांच्या पोकळ नळ्या उभ्या दिसत होत्या, काही टाचणीच्या टोकाएवढ्या, काही गव्हाच्या काडीएवढ्या. एका नळीतून नव्या वालाचे पांढरे मूळ सरळ खाली उतरलेले होते. नांगराने मोकळी केलेली माती पहिल्या दोन-चार जोरदार पावसांत पुन्हा बसते, पण मुळाने केलेली वाट पावसाने बुजत नाही, कारण तिच्या भिंतींना बुरशीचे आणि जिवाणूंचे चिकट स्राव लिंपलेले असतात. मातीच्या आत उभी राहिलेली ही रचना एका नांगरटीत तुटते, आणि तुटली की आत साठलेल्या सेंद्रिय द्रव्याला भरपूर हवा मिळून जिवाणू ते झपाट्याने खाऊन टाकतात. आपल्या उष्ण हवेत ही क्रिया थंड देशांपेक्षा कितीतरी वेगाने होते. मातीतला सेंद्रिय कर्ब (सेंद्रिय द्रव्यातला कार्बन) का टिकत नाही, याचे निम्मे उत्तर येथे मिळते.

काकूंनी लावणीचा विषय काढला. “आवणीच्या दिवसांत संध्याकाळी सरळ उभं राहता येत नसे. टोकणीही वाकूनच करतो, पण कोरड्यात करतो, आणि उरकते लवकर.” कोकणात लावणीचे काम बहुतांशी बायकांच्या अंगावर असते, म्हणून मातीच्या लाभाइतकेच हे सांगणेही मला मोलाचे वाटते.

या पद्धतीची अवघड बाजू तणांची आहे. नांगरणी आणि पाणी साठवणे ही दोन्ही तणनियंत्रणाचीच साधने होती. ती सोडली की भार तणनाशकांवर जातो. एसआरटीमध्ये त्यांचा वापर हा पद्धतीचा भाग मानला गेला आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला, त्यामुळे या मुद्द्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. माझे मत असे झाले की, माती न हलवण्याचा लाभ खरा आहे आणि रसायनावरचे अवलंबनही खरे आहे; वाफ्यावर पेंढ्याचे आच्छादन जितके जाड राहील आणि वाल, चवळी, मूग यांसारखी पिके वाफा जितकी सतत झाकून ठेवतील तितके ते अवलंबन कमी करता येईल. काकांच्या शेतात पेंढा मात्र गुरांसाठी गेला होता. मातीला मिळाली होती ती धसकटे आणि मुळे.

सोमवार, नीरा खोरे

बोरघाट चढून पुणे, जेजुरी, नीरा या वाटेने पाडेगावला पोहोचलो. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोडणीच्या टोळ्या. एके ठिकाणी नुकत्याच तुटलेल्या फडात पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवलेले होते आणि त्याची काळी राख वाऱ्यावर उडून शेजारच्या कांद्यावर बसत होती.

पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र १९३२ मध्ये सुरू झाले. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, त्यापाठोपाठ पाणथळ आणि चोपण (क्षारांनी बिघडलेल्या) जमिनींचा प्रश्नही आला, आणि या खोऱ्याने त्या तिन्हींचा अनुभव घेतला. आज या केंद्राच्या ज्या शिफारशीची मला सर्वांत अधिक निकड वाटते ती पाचटाची आहे. एक हेक्टर उसातून ८ ते १० टन पाचट निघते. त्यात सुमारे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. काडी लावली की कर्ब आणि नत्र धुरात जातात. शेतकरी तोच नत्र पुढच्या आठवड्यात पोत्याने विकत आणतो. ज्या जमिनीत शेणखताची गाडी आणून टाकणे आता परवडत नाही, तिच्याच अंगावर तयार झालेले हे खत जाळले जाते, याचे फार वाईट वाटते.

न जाळता काय करायचे, हे एका खोडव्याच्या, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतूनच पुन्हा घेतलेल्या पिकाच्या, फडात नीट पाहायला मिळाले. तोडणी होताच पाचट सरीत दाबून घेतलेले होते. उसाचे बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटलेले होते, म्हणजे फुटवे जमिनीखालच्या डोळ्यांतून जोमाने येतात. पाचटावर टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणूसंवर्धक टाकून पाणी दिलेले होते. युरिया येथे पिकासाठी नसतो, जिवाणूंसाठी असतो: पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडा, त्यामुळे वरून नत्र दिला नाही तर कुजवणारे जिवाणू तो मातीतून उचलतात आणि खोडवा पिवळा पडतो. पाचट ठेवून खोडवा बिघडला म्हणून पुन्हा काडीकडे वळलेल्या शेतकऱ्यांच्या तक्रारी अनेकदा याच एका पायरीशी येऊन थांबतात.

खताची पद्धत तर आवर्जून पाहण्यासारखी आहे. सरीत पाचट असल्याने नांगर किंवा कुळव चालत नाही, म्हणून वाफसा आल्यावर, म्हणजे पाणी ओसरून माती कामाजोगी झाल्यावर, बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर, १५ ते २० सेंटिमीटर खोल, पहारीने भोक पाडतात, त्यात खत टाकतात आणि तोंड मातीने बुजवतात. एक बाई पहार मारत पुढे जात होत्या आणि त्यांच्या मागून एक मुलगा मुठीने खत सोडत होता. खत थेट मुळांजवळ पडते, उघड्यावर उडून किंवा वाहून जात नाही, आणि जमीन हलते ती केवळ पहारीच्या जाडीएवढी. कमीत कमी मशागत याचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर हे काम पाहावे. या कामाच्या मजुरीचा प्रश्न आहेच. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने त्यासाठी ‘सोर्फ’ हे ट्रॅक्टरचलित यंत्र विकसित केले आहे; बुडखे छाटणे, वरंब्याच्या बगला फोडणे, जुनी मुळे तोडणे आणि खत पेरून देणे ही कामे ते पाचट शेतात असतानाच एका फेरीत करते.

फडाचे मालक, वयाने आमच्याहून मोठे, पाचट जाळण्यामागची कारणे मोकळेपणाने सांगत होते. पहिले पाणी सरीतून पुढे सरकायला वेळ लागतो, उंदीर वाढतात असे लोक मानतात, पाचटात पाय घालायला मजूर कुरकुरतात. “पण दुसऱ्या पाण्यापासून बघा,” ते म्हणाले, “शेजाऱ्याची पुढच्या पाण्याची पाळी आली तरी माझ्या सरीत ओल असते.” कोल्हापूरकडे प्रताप चिपळूणकर यांनी विनानांगरणी उसाचा पुरस्कार बरीच वर्षे केला आहे आणि त्याचा परिणाम नीरा खोऱ्यातही बोलण्यात जाणवला, खोडवा काढल्यावर नांगरट करायचीच कशाला, असा प्रश्न येथल्या तरुण शेतकऱ्यांनी स्वतःहून विचारला.

मंगळवार, सोलापूर

फलटण, माळशिरस, पंढरपूर, मोहोळ. पाणी मागे पडत गेले आणि मोहोळच्या पुढे काळ्या रानात रब्बी ज्वारी लागली. मालदांडी या ज्वारीचे मूळही याच मोहोळचे.

सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून चालू आहे. येथे पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, पण भरवसा कशाचाच नाही. खरिपात रान मोकळे ठेवून ओल जिरवायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी पेरायची, हा येथला क्रम. बांधबंदिस्ती, समपातळी बांध यांचा इतिहासही मोठा आहे. मुंबई प्रांताने जमीन सुधारणेचा कायदा १९४२ मध्ये केला, पुढे १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांनी बांध घातले. त्या श्रमांविषयी मला आदरच आहे. तरीही या जमिनीत फिरताना जाणवते की बांध मातीला अडवतो तो ती जागची सुटल्यानंतर. माती सुटते ती त्याआधी, पावसाचा थेंब उघड्या ढेकळावर आदळतो त्या क्षणी. शिवाय खोल काळ्या जमिनीत समपातळी बांधामागे पाणी तुंबते आणि बांध फुटतात, हा अनुभव जुना आहे. देशभरात दरवर्षी ५३३ कोटी टनांहून अधिक माती जागची हलते, असा अंदाज १९८३ मध्ये मांडला गेला होता. त्यातली सुमारे ६१ टक्के एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाऊन पडते, १० टक्के धरणांत बसते आणि २९ टक्के समुद्राला मिळते. थेंब आणि ढेकूळ यांच्यामध्ये काडीकचऱ्याचा पातळ थर असेल तर या साखळीची पहिलीच कडी तुटते.

पण सोलापुरात तो थर आणायचा कोठून? ज्वारीचा कडबा येथे धान्याच्या बरोबरीने मोजला जातो. दुष्काळी वर्षात तर दावणीची जनावरे जगतात ती कडब्यावरच. कडबा रानात पसरा, असे येथल्या शेतकऱ्याला सांगणे म्हणजे त्याचे पशुधन उपाशी ठेव असे सांगणे होय, आणि आच्छादनाची शिफारस करणाऱ्याने हे आधी समजून घेतले पाहिजे. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतही म्हणून तूरकाट्या, धसकटे, गवत अशा जनावरे खात नसलेल्या जिनसा हेक्टरी ५ टनांपर्यंत पसराव्यात असे म्हटले आहे.

आणखी एक गोष्ट येथे पुस्तकी सूत्राशी जुळत नाही. जमीन हलवू नये हे खरे, पण ही माती वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून खोलवरची ओल उडून जाते आणि ज्वारीची मुळे तुटतात. म्हणून पीक तीन आठवड्यांचे असताना फटीच्या कोळप्याने, पाचव्या आठवड्यात अखंड फासेच्या आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरवरची माती हलवणे, करायची. एक कोळपणी अर्ध्या पाण्याची, असे येथे म्हणतात. आम्ही पाहिले त्या रानात बैलांचे दातेरी कोळपे चालू होते. वरची बोटभर भुसभुशीत माती भेगांत उतरून त्या बुजवत होती, आणि खालची माती जशीच्या तशी होती. मातीचेच आच्छादन! नांगराची उलथापालथ आणि कोळप्याचे हे वरवरचे काम यांना एकाच मापाने मोजणे मला चुकीचे वाटते. सोलापूरच्या जमिनीत सूत्राचा अर्थ ‘हलवूच नका’ असा घेता येणार नाही. ‘उलटू नका’ असा घ्यावा लागेल. पेरणीपूर्वी सारा यंत्राने रानभर छोटे चौकोनी वाफे पाडून सप्टेंबरचा पाऊस जागीच जिरवण्याची पद्धतही त्याच समजुतीतून आलेली आहे.

बुधवार, बालाघाट ओलांडताना

तुळजापूर, औसा, लातूर, अंबाजोगाई असा दिवस प्रवासातच गेला. डोंगरमाथ्यावर माती अवघी वीतभर आणि तिच्याखाली मुरूम दिसत होता, कित्येक ठिकाणी तोही उघडा. अशा रानातही ट्रॅक्टरचा पलटी नांगर लागलेला पाहिला. एवढ्या उथळ जमिनीत खोल नांगरट करणे म्हणजे उरलेली माती पुढच्या वळवाच्या हवाली करणे आहे.

गुरुवार, परभणी

मराठवाड्याच्या कृषी विद्यापीठाचे हे ठिकाण, स्थापना १९७२ ची. सोयाबीन, तूर, कापूस आणि मागून हरभरा, अशी येथली पीकपद्धती. रुंद वरंबा सरीने पेरलेले सोयाबीन आता या भागात सर्रास दिसते. वरंब्यावर तीन-चार ओळी, दोन्ही बाजूंना सरी. पाऊस ओढ देतो तेव्हा सरीत ओल राहते आणि अतिवृष्टीत जादा पाणी सरीवाटे निघून जाते. जागतिक बँकेच्या साह्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने त्याचा बराच प्रसार केला. परंतु बहुतेक ठिकाणी हे वरंबे सोयाबीन निघताच मोडले जातात, रोटाव्हेटर फिरतो आणि पुढच्या जूनला पुन्हा नव्याने वरंबे पाडले जातात. म्हणजे पाण्याची सोय झाली, मातीची नाही.

आम्ही ज्या दादांकडे गेलो त्यांनी वरंबे मोडणे थांबवले आहे. सोयाबीन उपटून न काढता विळ्याने कापले, मुळे आणि त्यांवरच्या गाठी जमिनीतच ठेवल्या, मळणीचे भुसकट त्याच वरंब्यांवर पांगवले आणि त्यातच हरभरा टोकला. त्यांच्या आईंनी घरातून पाण्याचे दोन पेले आणून दिले आणि दादांनी एकात शेजारच्या नांगरटीतले वाळके ढेकूळ सोडले, दुसऱ्यात स्वतःच्या वरंब्यावरचे. पहिल्यातून लगेच बुडबुडे सुटले, कडा विरघळू लागल्या आणि बोलता बोलता त्याचा चिखल तळाला बसला. वरचे पाणी काळे झाले. दुसऱ्या ढेकळाचे काही कण सुटले, पण आकार कायम राहिला आणि पाण्यातून त्यातली बारीक मुळे दिसत होती. पावसात या दोन शेतांत काय होते, हे यापेक्षा स्वच्छ दाखवता येणार नाही. जून महिन्यात पहिले ढेकूळ पापुद्रा धरते, पेरलेले सोयाबीन त्याखाली अडकते आणि दुबार पेरणीची वेळ येते.

अडचणी त्यांनी लपवल्या नाहीत. हराळी आणि लव्हाळा या तणांनी पहिली दोन वर्षे फार त्रास दिला. जेथे कुंदा आहे तेथे हे सुरूच करू नये, आधी तो खणून काढावा, असे त्यांचे स्पष्ट सांगणे. पहिल्या वर्षी उत्पादन शेजाऱ्यापेक्षा कमी आले आणि घरात वाद झाले. वाचला तो मशागतीचा खर्च, आणि तेवढ्याच बळावर दुसरे वर्ष काढले. माझ्या मते या पद्धतीच्या प्रचारात हे आधी सांगितले पाहिजे: मातीची रचना सुधारायला काही हंगाम लागतात, पण डिझेलची बचत पहिल्याच वर्षी हातात येते, आणि लहान शेतकरी टिकून राहतो तो या दुसऱ्या कारणाने.

कापसाच्या रानात प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. पळाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, उपटून चुलीला किंवा बांधावर जाळायला जातात. त्या रानातच ठेवाव्यात म्हटले तर गुलाबी बोंडअळी त्यांतल्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते, म्हणून फरदड (हंगाम लांबवून घेतलेले जादा पीक) न घेता वेळेवर हंगाम संपवणे आणि पळाट्यांचा बारीक भुगा करणे भाग आहे. त्यासाठी श्रेडर लागतो. गावातल्या शेतकरी गटाने यंदा तो भाड्याने आणून पाच-सहा जणांची रानं एका आठवड्यात उरकायची, असे त्या संध्याकाळी पारावर ठरत होते. भाडे तासावर द्यायचे की एकरावर, यावर बराच वेळ खल झाला. शेवटी एकरावर ठरले, कारण तासाचे भाडे असले की चालक घाई करतो आणि पळाट्यांचे तुकडे लांब राहतात.